ठिणगी आणि इंधन यांची वेळ कोण जुळवते?

डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा जुना फिरता भाग) नसलेल्या आजच्या पेट्रोल गाडीत ठिणगी आणि इंधन यांची वेळ एकमेकांशी कशी जुळवली जाते, असे आपण विचारले आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि आपल्या प्रश्नातील ‘एकमेकांशी’ हाच शब्द मला आधी दुरुस्त करावासा वाटतो. ठिणगी इंधनाची वाट पाहत नाही. दोन्हींची वेळ क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, कोनावरून स्वतंत्रपणे ठरते.

बऱ्याच गाड्यांत क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या चाकावर 60 दात्यांची आखणी असते आणि त्यांतले 2 मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की मोजणी कुठून सुरू करायची ते ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळते, आणि पुढचा प्रत्येक दाता म्हणजे 6 अंश. मात्र चार स्ट्रोकांचे चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होत असल्याने, पिस्टन वर आला तो मिश्रण दाबण्यासाठी की धूर बाहेर ढकलण्यासाठी, हे त्या चाकावरून कळत नाही. ते चक्रात एकदाच फिरणाऱ्या कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, सेन्सर सांगतो.

खरी कसरत ठिणगीची आहे. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. किती अंश आधी, हे ईसीयू फेऱ्या आणि भार पाहून आपल्या तक्त्यातून काढतो. शिवाय ठिणगी कॉइलचा (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या वेटोळ्याचा) प्रवाह तोडताना पडते, जोडताना नव्हे. कॉइल भरायला 3 मिलिसेकंद लागतात असे धरले, तर मिनिटाला 3000 फेऱ्यांवर तेवढ्यात क्रँक 54 अंश फिरतो, म्हणजे प्रवाह तितका आधी सुरू करावा लागतो.

इंधनाला एवढी घाई नसते. इंजेक्टर इनटेकच्या नळीत असेल तर पेट्रोल बहुधा बंद व्हॉल्व्हच्या पाठीवरच फवारले जाते, त्यामुळे तिथे वेळेपेक्षा मापाला महत्त्व. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात मात्र वेळही काटेकोर लागते.

घोडबंदर रस्त्यावर भर पावसात बंद पडलेली एक गाडी माझ्याकडे ओढून आणली होती. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण ना प्लगला ठिणगी, ना इंजेक्टरला हुकूम, ना पंपाचा आवाज. मालकांनी त्याआधी दुसरीकडे प्लग आणि पंप दोन्ही बदलून घेतले होते. दोष निघाला क्रँक सेन्सरच्या घासून तुटलेल्या एका वायरमध्ये; क्रँकचा कोनच कळत नसल्याने ईसीयू कशालाच हुकूम देत नव्हता.