डोंगल कुणाच्या किल्लीला?

"मी दोन वर्षांपासून सरपंच आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, पण बायका येतच नाहीत. दवंडी दिली, हळदीकुंकू ठेवलं, तरी सहा-सातजणी. आमच्या बायकांनाच काही नको आहे. घरून मला पूर्ण पाठिंबा आहे. ऑफिसचं सगळं हे बघतात, माझ्या डिजिटल सहीचा डोंगलसुद्धा यांच्या गाडीच्या किल्लीला असतो, म्हणजे हरवत नाही. बायकांना सभेला कसं आणू?"

सरपंचताई,

हळदीकुंकवाचं राहू द्या. त्या डोंगलचं बोलू.

वित्त आयोगाच्या निधीचं बिल निघतं ते त्या डोंगलमधल्या तुमच्या डिजिटल सहीने. एक सही तुमची, एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच). आणि तुमची सही दिवसभर मोटारसायकलवर फिरते, चहाच्या टपरीवर टेबलावर पडलेली असते. गेल्या महिन्यात कुणाला किती पैसे गेले, सांगा बरं. यांना न विचारता.

बायकांना नावं ठेवू नका, त्या शहाण्या आहेत. गटाराची तक्रार तुमच्याकडे केली, तर तुम्ही ती घरी विचारणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्यासाठी अर्ध्या दिवसाचा रोज कोण बुडवील?

यजमान भले असतील. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण उद्या ऑडिटमध्ये काही निघालं, तर वसुलीची नोटीस तुमच्या नावाने येईल आणि ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 39 खाली पद तुमचं जाऊ शकतं. तिथे 'हे बघतात' चालत नाही. 1993 साली घटनेने बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, 2011 साली महाराष्ट्राने त्या वाढवून निम्म्या केल्या. एवढा लांबचा प्रवास करून तुमची खुर्ची किल्लीच्या जुडग्यात अडकली, याचा मला राग येतो. तुमचाही येतो, खोटं कशाला बोलू?

आज रात्री ते जेवायला बसले, की खुंटीवरची किल्ली घ्या आणि डोंगल कडीतून काढा. कडी घट्ट असते, नख तुटेल. उद्या ऑफिसात जाऊन पासवर्ड स्वतःच्या हाताने बदला आणि तो घरात कुणाला सांगू नका, लेकालाही नाही. पुढचं बिल गटार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडू नका. मग त्या सहा-सातजणींसमोर ते बिल मोठ्याने वाचा. पुढच्या वेळी किती येतात ते मला कळवा.

"तुझ्याकडून हरवेल," असं ते म्हणतील. हरवला तर अर्ज करून नवा मिळतो.