मूळ फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे?

गेल्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची होती : घरच्या कार्यात दाखवायचा स्लाइड शो. सांगलीत माझं व्हिडिओ मिक्सिंगचं, म्हणजे एडिटिंगचं काम कॅसेटच्या काळापासून चालू आहे, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा सरळ माझ्याकडे धाडला. पाच पत्रं निवडली आहेत.

ताई, नोव्हेंबरमध्ये आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो मागवले, तर ३४० आले. काही धूसर, काही उभे, काही जुन्या अल्बमवरून फोनने काढलेले आणि त्यात ट्यूबलाइट चमकतेय. सगळे घ्यावे का? सुरुवात कुठून करू? – एक नात, डोंबिवली

आधी हिशोब कर. एक फोटो ५ सेकंद धरला तरी ३४० फोटोंना २८ मिनिटं लागतात. तेवढ्यात पंगत बसते आणि हॉलमध्ये तू आणि प्रोजेक्टर असे दोघंच उरता. ७०-७५ फोटो ठेव, सहा मिनिटांत आटपेल. ग्रुप फोटोला मात्र ७-८ सेकंद दे, कारण माणसं त्यात स्वतःला शोधत असतात.

निवड करताना फोटो चांगला की वाईट हे नंतर बघ. आधी कागदावर नात्यांची यादी काढ : आजोबांची भावंडं, आजीचं माहेर, सुना, जावई, ऑफिसातले मित्र, शेजारी. प्रत्येक घरचा निदान एक फोटो आला की नाही ते तपास. धाकट्या आत्याचा एकही फोटो नाही ही चूक पुढची दहा वर्षं प्रत्येक कार्यात ऐकावी लागते. फोटो किंचित हलला असेल तर कोणी काही म्हणत नाही.

आता धूसरपणा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. फुल एचडी पडदा १९२० बाय १०८०चा. फोनचा आडवा फोटो ४:३ या प्रमाणात असतो, त्यामुळे पडद्याच्या उंचीत तो पूर्ण बसवला की १४४० बाय १०८० एवढीच जागा घेतो. म्हणजे अख्खा दाखवायचा असेल तर व्हॉट्सॲपचा फोटोही चालतो. व्हॉट्सॲपने फोटो मारून टाकले म्हणून रडणाऱ्यांना मी हेच सांगते. अडचण येते ती कापाकापीत. साखरपुड्याच्या पन्नास माणसांच्या फोटोतून तुला आजोबांचा चेहरा मोठा करायचा असेल, तर १६००च्या फोटोत त्या चेहऱ्याच्या वाट्याला शंभर-सव्वाशे पिक्सेल येतात आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. असे दहा-पंधरा फोटो वेगळे काढ आणि फक्त त्यांच्यासाठी मूळ फाइल माग. मूळ फाइल मागायची म्हणजे ‘पुन्हा पाठवा’ म्हणायचं नाही, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ म्हणायचं. डॉक्युमेंट म्हणून गेलेला फोटो जसाच्या तसा पोचतो.

अँड्रॉइड फोनमध्ये फाइलच्या नावात डब्ल्यूए अशी अक्षरं दिसली की ती व्हॉट्सॲपवरून आलेली समजायची. त्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, फोटोच्या आत साठवलेली तारीख वाटेतच गळून पडलेली असते. त्यामुळे तारखेप्रमाणे लावायला गेलीस तर १९७१ची मुंज आणि परवाचा वाढदिवस शेजारी येतील. क्रम हातानेच लाव. फाइलना ००१, ००२ असे आकडे दे आणि मध्ये थोडे मोकळे ठेव. कार्याच्या आदल्या दिवशी नागपूरच्या काकांना एक फोटो हमखास सापडतो.

जुने फोटो मात्र परत काढायला लाव, आणि जमलं तर स्कॅन. स्कॅन करणारा सहसा ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर ठेवतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ते पुरतं, पण जुन्या लग्नाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या ग्रुप फोटोत एकेक चेहरा अर्ध्या इंचाचा असतो. ३००ला त्याचे १५० पिक्सेल, ६००ला ३००. ग्रुप फोटो ६००लाच करून घे. घरात कोणाकडे आगफा क्लिक थ्री हा जुना कॅमेरा असेल तर त्याच्या पांढऱ्या किनारीच्या छोट्या चौकोनी प्रती सापडतील, जेमतेम सव्वादोन इंचांच्या. त्या १२००ला स्कॅन कर. प्रत लहान असली तरी निगेटिव्हवरून थेट छापलेली असते, त्यामुळे तिच्यात बारकावा भरपूर असतो. असे दोन चौकोनी फोटो ९००-९०० पिक्सेलचे करून पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवले की छान बसतात. उभे फोटोही असेच जोडीने लाव. उभा फोटो ताणून आडवा करू नकोस, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. आणि बाजूला त्याच फोटोची धूसर प्रत पसरवण्याची हल्लीची पद्धत मला अजिबात आवडत नाही. गडद राखाडी पार्श्वभूमी ठेव, डोळा फोटोवर राहतो.

स्कॅनर नसेल तर अल्बम दिवसा खिडकीजवळ ने, ट्यूबलाइट आणि फ्लॅश दोन्ही बंद. उजेड समोरून नको, बाजूने येऊ दे. फोन फोटोला समांतर धर, थोडा लांब धरून दोनपट झूम कर, म्हणजे कडा वाकणार नाहीत आणि फोनची सावलीही पडणार नाही. अल्बमच्या चिकट पानावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा उचलता आला तर उचल, पण फोटो पानाला चिकटून बसला असेल तर ओढू नकोस. दाणेदार कागदावरचे जुने स्टुडिओ फोटो आडव्या उजेडात खरखरीत दिसतात, ते ढगाळ दिवशी काढ.

७२ डीपीआय ठेवू की ३००? आमच्याकडे यावरून वाद चालू आहे. – दोन मित्र, बार्शी

पडद्यासाठी दोन्ही सारखेच. तो आकडा छपाईवाल्यासाठी असतो. पडद्याला पिक्सेल कळतात, इंच कळत नाहीत. फोटो १९२० बाय १०८०चा असेल तर त्यावर ७२ लिहा नाहीतर ३०००, दिसेल तेच. वाद मिटला, चहा कोण पाजतंय ते ठरवा.

मॅडम, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पॉवरपॉइंट केलं. त्यात मुलांच्या नाटुकल्याची क्लिप घातली. घरी छान चालली, शाळेच्या कॉम्प्युटरवर फक्त आवाज, चित्र काळं. क्लिप एमपीफोरच आहे. दुसऱ्या क्लिपमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत. – एक शिक्षिका, चिपळूण

एमपीफोर हा नुसता डबा आहे. डब्यावर साखर लिहिलेलं असलं तरी आत रवा असू शकतो. हल्लीचे फोन, आयफोन तर २०१७पासूनच, जागा वाचावी म्हणून व्हिडिओ एच.२६५ पद्धतीने साठवतात. तुमच्या लॅपटॉपला ती वाचता येते, शाळेच्या जुन्या मशीनला येत नसावी. आवाज वेगळ्या पद्धतीने साठवलेला असतो म्हणून तो ऐकू आला. एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपीफोर पॉवरपॉइंटच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत बिनबोभाट चालते.

बदलण्यासाठी हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार पर्याय निवडा, आणि व्हिडिओच्या खान्यात फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तो आकडा, ‘कॉन्स्टंट’ करा. ओठ-आवाजाचं दुखणं बहुतेक वेळा याच्याच अभावी होतं. फोन उजेड बघून फ्रेम कमी-जास्त करतो, आणि काही सॉफ्टवेअरचा त्यात ताळ सुटतो. फ्रेम एकसारख्या झाल्या की आवाज जागेवर येतो. ४के ठेवू नका. आयफोनचं ४के ३० फ्रेमला मिनिटाला १७० एमबी खातं आणि शाळेच्या प्रोजेक्टरवर त्यातलं काहीच दिसत नाही. कित्येक शाळांतले प्रोजेक्टर अजून १०२४ बाय ७६८चे आहेत. तुमचा तसा असेल तर स्लाइडचा आकारही आधीच ४:३ करा, नंतर बदललात तर सगळी मांडणी हलते.

आणखी एक गोष्ट, ही खास शिक्षकांसाठी. पॉवरपॉइंटमध्ये क्लिप ‘ट्रिम’ केली तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. फोटो ‘क्रॉप’ केला तरी कापलेली मुलं आतच असतात. ती फाइल पालकांच्या ग्रुपवर टाकायची असेल तर ‘कॉम्प्रेस मीडिया’ आणि ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ करून, कापलेला भाग काढून टाकण्याची खूण करून मगच पाठवा. त्याहून बरं म्हणजे ‘एक्स्पोर्ट’मधून अख्ख्या सादरीकरणाचा फुल एचडी व्हिडिओ करून घ्या. मग मराठी शीर्षकांचीही काळजी नको. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली नावं दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उगवतात. व्हिडिओत अक्षरं चित्रासारखी गोठून जातात.

फाइल पेनड्राइव्हवरून चालवू नका, मशीनवर उतरवून घ्या. एचडीएमआय केबल लावली की विंडोज बऱ्याचदा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं आणि हॉलचे स्पीकर मुके होतात. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून तो परत वळवता येतो. प्रमुख पाहुणे बसल्यावर नव्हे, आदल्या दिवशी बघा.

आमच्या लग्नाची १९९४ची कॅसेट पुण्याहून न्यू जर्सीला आणली. इथे जुना व्हीसीआर मिळवला, पण चित्र नुसतं फिरतं. मुलीच्या लग्नात त्यातला तुकडा दाखवायचा आहे. – एक वाचक, न्यू जर्सी

कॅसेट बिघडलेली नाही. भारतात पाल पद्धत होती, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेषा आणि जवळजवळ ३० फ्रेम. तिथल्या साध्या व्हीसीआरला ती वाचता येत नाही. एक तर दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर असलेला माणूस तिथे शोधा, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कॅसेट इकडे पाठवा.

चालवण्याआधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. व्हीसीआरमध्ये घालूच नका, टेपही जाईल आणि यंत्राचं हेडही.

उतरवून देणाऱ्याला तीन गोष्टी सांगा : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५, आणि प्रमाण ४:३. हे न सांगितल्यास पडदा भरावा म्हणून चित्र ताणतात आणि वधू-वर दोघंही आडवे सुटलेले दिसतात. हालचालीच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसत असतील तर ‘डीइंटरलेस’ करायला सांगा, हँडब्रेकमध्येही ती सोय आहे. आणि तीन तासांतून काय घ्यायचं म्हणाल तर अंतरपाट दूर होतानाची वीस सेकंदं आणि मग पंगतीत वाढणारी माणसं. नव्वदच्या दशकात आम्ही शूटिंगवाले फुलांचे आकार आणि फिरते बदाम फार टाकत होतो, ते तुकडे टाळा. मूळ आवाज ठेवा. त्या गर्दीत आता नसलेल्या कोणाचा तरी आवाज असतो.

ताई, दादाच्या लग्नात स्टेजमागे १२ बाय ८ फुटांची एलईडी वॉल आहे. प्री-वेडिंगचा व्हिडिओ ४केमध्ये करून घ्यायचा का? एलईडीवाला म्हणतो लागेल. – एक कॉलेजकुमार, नाशिक

अरे, त्याला वॉलचा पिच विचार. पी-थ्री म्हणाला तर दर ३ मिलिमीटरला एक ठिपका, म्हणजे १२ फुटांत साधारण १२०० आणि ८ फुटांत ८००. पी-फोर असेल तर ९०० बाय ६००. तुझा फुल एचडी व्हिडिओच त्याहून मोठा आहे, ४केचे पैसे मेंदीवालीला दे.

तुला खरी काळजी आकाराची हवी. १२ बाय ८ म्हणजे ३:२, व्हिडिओ १६:९. नीट लावला तर वर-खाली साडेसात-साडेसात इंचांच्या काळ्या पट्ट्या राहतील, आणि ऑपरेटर त्या झाकायला व्हिडिओ उभा ताणेल. एडिटरला वॉलचं माप सांगून त्याच मापात व्हिडिओ मागून घे, किंवा पट्ट्या राहू दे म्हणून ऑपरेटरला बजाव. नाजूक कलाकुसरीची अक्षरं तिथे वाचता येत नाहीत, जाड आणि मोठी घे. बारीक चौकडीचा शर्ट आणि पैठणीच्या पदरावरची बारीक जर वॉलवर लवलवते, तसले जवळून घेतलेले शॉट काढून टाकायला सांग. संध्याकाळचं लग्न असेल तर वॉलचा उजेड कमी करायलाही सांग, नाहीतर फोटोत नवरा-नवरीचे चेहरे काळे येतील आणि मागचा व्हिडिओ तेवढा झकास दिसेल.