पुढचं बेअरिंग कानाने नाही, हाताने कळतं

तुमचा प्रश्न असा की २००६ ची मारुती ८०० आहे, चाळीसच्या वर गेली की पुढून घूं घूं येतं, मेकॅनिक म्हणतो बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं), शेजारी म्हणतात टायर. मग ओळखायचं कसं, खर्च किती, आणि गणपतीला याच गाडीने गावी जावं का?

मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करतो. पण २०११ च्या पावसाळ्यात नेमका हाच वाद आमच्या घरात झाला होता आणि ज्या माणसाचं बरोबर होतं त्याचंच आम्ही ऐकलं नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

आमची ८०० १९९९ ची, भांडुपला सोसायटीच्या आवारात उभी असायची. त्या जुलैत किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी पाण्यात अडकलो. अर्धं चाक पाण्यात, पाऊण तास. गाडी बंद पडली नाही याचाच मला आनंद. पण बेअरिंगला हेच भोवतं. चालून तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या, म्हणजे बेअरिंगच्या झाकणाच्या, कडेने पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीस खराब होतं, गंज धरतो आणि आवाज सुरू होतो तो काही आठवड्यांनी. तोवर पाण्याची आठवण कोणाला नसते. तुमची गाडी यंदा हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा कुठल्या पाण्यातून गेली आहे का, ते आधी आठवा.

आमच्याकडे गाडीतलं काही निघालं की थोरल्या ताईच्या यजमानांचा शब्द शेवटचा. भाऊजींचा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालेला. ते म्हणाले, टायरला दाते पडलेत, म्हणजे तो वरखाली झिजलाय. पुढचे दोन टायर नवे घातले, अलाइनमेंट करून घेतली. आवाज होता तसाच.

टायर की बेअरिंग हे ठरवायला नवे टायर लागतच नाहीत. पुढचे दोन मागे टाका, मागचे पुढे घ्या. आवाज मागे गेला तर टायर, जागचा हलला नाही तर टायर नाही. शिवाय टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो, बेअरिंगचा वेगाप्रमाणे वाढतो. मुंबईत आता जिथे तिथे काँक्रीट झालंय आणि त्यावर चांगली गाडीही घोंघावते, म्हणून गुळगुळीत डांबराचा पट्टा शोधून तपासा. पन्नास-साठला न्यूट्रल करा. इंजिन शांत झालं तरी घूं तेवढंच राहिलं तर इंजिनाला दोष देऊ नका. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट वाजत असेल तर तो एक्सलचा जॉइंट, ते दुखणं वेगळं.

टायरवर पैसे गेल्यावर भाऊजी म्हणाले, मग बेअरिंगच. ट्रायलला आम्ही ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गेलो. ते माझ्या बाजूला, अण्णा, म्हणजे माझे वडील, मागे. कांजूरमार्गच्या पुढे डावीकडे लेन घेतली की आवाज वाढायचा, उजवीकडे घेतली की जवळजवळ नाहीसा व्हायचा. भाऊजी म्हणाले, “डावीकडे वळताना वाजतंय ना? मग डावंच.” मलाही तो डावीकडूनच आल्यासारखा वाटत होता. मागून अण्णा म्हणाले, “उजवं बघा.”

मी म्हणालो, “अण्णा, तुम्हाला आवाज तरी येतोय का?”

अण्णांना कमी ऐकू यायचं. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, ते फिटर होते. शेकडो साचे एका छताखाली खडखडायचे. शेजारच्याशी बोलायचं तर ओठांकडे बघून. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते गिरणीत परत गेलेच नाहीत. पुढे कुर्ल्याला एका लहान वर्कशॉपमध्ये लागले. पण कान तोवर गेलेले होते. आणि जावयाचा शब्द खोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “बरं, जावईबापू म्हणतात तसं करा,” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आम्ही डावं बेअरिंग बदललं. आवाज कायम. आता गॅरेजवाला म्हणायला लागला, गिअरबॉक्स उतरवून बघावा लागेल.

त्या रविवारी सकाळी अण्णा म्हणाले, “जॅक आण.” हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी न्यूट्रलला. आधी डावं चाक उचललं. अण्णा खाली बसले, टायरच्या मागून हात घालून स्प्रिंगच्या वेटोळ्यावर तीन बोटं नुसती टेकवली, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं आणि डोळे मिटले. मग उजवं. उजव्याला त्यांनी माझा हात धरून स्प्रिंगवर नेला. डाव्याला ती स्प्रिंग निर्जीव होती. उजव्याला बोटांच्या टोकांत करकर लागली, रवा चाळताना चाळणीच्या कडेला लागते तशी, चाक थांबेपर्यंत एकसारखी. कानाला काही म्हणजे काही येत नव्हतं. अण्णा म्हणाले, “खात्यात असंच बघायचो. तिथं कानाचा काय उपयोग?”

तुम्ही हे करताना एक लक्षात ठेवा. डिस्कला पॅड घासतात त्याची सर्र फेऱ्यात एकदा येते, ती सोडून द्या. बेअरिंगची करकर अखंड असते. नुसतं एक चाक बघून काही कळत नाही, दोन्ही बाजूंना हात लावून फरक बघायचा.

भाऊजींचं चुकलं ते कानामुळे नाही, हिशोबामुळे. बेस्टच्या बसमध्ये उभे असता आणि बस डावीकडे वळली तर तुम्ही कुठे कलंडता? उजवीकडे. गाडीचं वजनही तसंच उजव्या चाकावर जातं आणि त्या भाराने उजवं बेअरिंग ओरडतं. म्हणजे डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्यावर. हे साधं आहे, तरी डिप्लोमावाली माणसंही उलटं सांगतात. आणि आवाज डावीकडून आल्यासारखा वाटणं याला काही अर्थ नाही. जुन्या गाडीच्या पत्र्यातून तो कुठूनही फिरून कानाशी येतो.

चाक वर-खाली धरून हलवून बघायला सगळेच सांगतात. बघा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेंशनमधलं काहीतरी. डावी-उजवीकडे धरून हलत असेल तर आधी स्टिअरिंगचा टाय रॉड बघा. पण आमच्या उजव्या चाकाला तसूभरही प्ले नव्हता. प्ले नाही म्हणजे बेअरिंग ठीक, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. प्ले येईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

बसवतानाही उभे राहा. नवं बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवत असतील तर गाडी घेऊन दुसरीकडे जा. ते प्रेसवर, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसलं पाहिजे. आतल्या कड्यावर ठोकलं की मार गोळ्यांवर बसतो, गोळ्या ज्या पट्टीवर फिरतात तिच्यात खड्डे पाडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. कधीकधी असतोही, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

भाऊजी आजही सांगतात की डावंही जात आलेलंच होतं, बदललं ते बरं झालं. अण्णा २०१६ ला गेले, ते काही उत्तर द्यायला नाहीत, म्हणून मी देतो. शेवटी उजवंही बदललं, म्हणून दोन्ही जुनी बेअरिंग माझ्याकडे आहेत. काढताना त्यांना मार बसतो, त्यामुळे बोटावर फिरवून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण सील उचकटून ग्रीस बघता येतं. डाव्यातलं ग्रीस जसंच्या तसं होतं. उजव्यातलं चहाच्या गाळासारखं तपकिरी, पाणी सुटलेलं, आणि गोळ्यांवर गंजाचे ठिपके.

वळणाची परीक्षा प्रत्येक वेळी लागू पडते असं नाही. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर दोन्ही वळणांवर आवाज येतो, तिथेही शेवटी हातच लावावा लागतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरू नका, चाकाच्या बाहेर बसून हात पोचतो.

खर्चाचं गॅरेजगणिक वेगळं, मजुरी आधी ठरवून घ्या. आम्ही जे दोन टायर उगाच घेतले त्यापेक्षा तरी नक्कीच कमी गेले. आणि गणपतीला कोकणात या आवाजासकट जाऊ नका. तिघं-चौघं माणसं, डिकीत सामान, घाटातली वळणं, एवढ्या भाराखाली ते बेअरिंग कुठे हात टेकेल सांगता येत नाही. आधी बदला, दोन-चार दिवस शहरात चालवा, मग निघा. काढलेलं बेअरिंग गॅरेजमध्ये सोडू नका, मागून घ्या आणि घरी आल्यावर सील उघडून ग्रीसचा रंग बघा.