भरूचहून बडोद्याला रोज अप-डाउन करावं की कॅम्पसजवळ खोली घ्यावी? (एम. एस. युनिव्हर्सिटी, बी.एससी. पहिलं वर्ष)

पहिली दोन सत्रं अप-डाउनच करा, खोली घेऊ नका. मी तीन वर्षं हेच केलंय, त्यामुळे ठामपणे सांगतो. भरूच ते बडोदं जेमतेम 70 किलोमीटर, आणि सायन्स फॅकल्टी स्टेशनपासून पायी अंतरावर; उतरल्यावर रिक्षाचा खर्चच नाही. रेल्वेचा मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो, विद्यार्थ्यांना त्यातही सवलत आहे. फक्त सुपरफास्टचा अधिभार भरलेला नसेल तर तसल्या गाडीत चढू नका, आणि पासवर आरक्षित डब्यात तर मुळीच नाही. टीसी ओळखीचा झाला तरी दंड चुकत नाही. त्यापेक्षा मेमू (थांबत जाणारी लोकल गाडी) बरी, वेळ जास्त घेते पण बसायला जागा मिळते. खोलीचं म्हणाल तर कॅम्पसजवळच्या फतेगंजात भाडं, डिपॉझिट आणि वर मेसचा डबा, असा सगळा हिशेब घरी मांडून बघा.

खरा त्रास अंतराचा नाही, संध्याकाळचा आहे. प्रॅक्टिकल लांबलं आणि गाडी चुकली की घरी जेवायला नऊ वाजतात, मग अभ्यास कसला! म्हणून परीक्षेच्या महिन्यापुरतं दांडिया बाजारात कुणी मावशी-आत्या असेल तर तिच्याकडे पथारी टाका.

एक अपवाद: फाइन आर्ट्सला असता तर उलटं सांगितलं असतं. तिथे स्टुडिओतलं काम गाडीची वेळ बघून संपत नाही.