न रंगवलेल्या सैन्याचे ओझे

“छंद विरंगुळ्यासाठी सुरू केला होता, आता त्या टेबलाशी बसायचे म्हटले तरी पोटात गोळा येतो. सामान आणत राहतो, काम मात्र पुढे सरकत नाही. मी आळशी झालो आहे का, की हे सगळे सोडूनच द्यावे?” हा प्रश्न घेऊन अनेक जण समुपदेशकाकडे येतात. कोणाचा छंद वाद्यवादनाचा असतो, कोणाचा भरतकामाचा. येथे सांगते आहे तो अनुभव टेबलावरच्या युद्धखेळांचे छोटे सैनिक, म्हणजे मिनिएचर्स, रंगवणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. त्यांच्या संमतीने हे लिहीत असले, तरी ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या खेळात दोन खेळाडू आपापले सैन्य टेबलावर मांडतात, टेपने अंतर मोजून तुकड्या पुढे सरकवतात आणि चढाईचा निकाल फाशांवर ठरवतात. एकेक सैनिक साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीचा असतो आणि तो बहुधा प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेल्या सुट्या भागांच्या रूपात मिळतो. भाग कापायचे, साच्याच्या रेघा खरवडायच्या, चिकटवायचे, रंग नीट धरावा म्हणून प्रायमरचा पहिला थर द्यायचा. त्यानंतर मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ वॉश, कडांवर उजळ हायलाइट, पायाखालच्या चकतीवर माती आणि खडी, आणि शेवटी व्हार्निश, असा त्याचा क्रम असतो. एका सैन्यात असे कित्येक सैनिक असतात, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

गृहस्थ चाळिशी ओलांडलेले होते आणि दुसऱ्यांनी केलेल्या तांत्रिक आराखड्यांमधील चुका शोधणे हे त्यांचे काम होते. वॉरहॅमर ४०,००० या खेळासाठी त्यांनी साठ सैनिकांची फौज जमवली होती. तिच्यातले जेमतेम मूठभर रंगवून झाले होते आणि तरीही दुसऱ्या एका सैन्याच्या न उघडलेल्या पेट्या कपाटात येऊन पडल्या होत्या. “मॅडम, मला शिस्त नाही,” असे निदान त्यांनी स्वतःच करून आणले होते. माणसाने तयार निदान आणले की ते बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय घडते ते बारकाईने विचारावे, असा माझा शिरस्ता आहे. म्हणून टेबलाशी बसल्यापासून उठेपर्यंतचा प्रत्येक टप्पा मी त्यांना सांगायला लावला.

त्या वर्णनातून शिस्तीचा प्रश्न नाही हे लवकरच दिसू लागले. भाग कापणे, चिकटवणे, प्रायमर देणे ही कामे ते तासन्‌तास आनंदाने करत. कपड्यांचा आणि चिलखताचा मूळ रंगही बिनघोर देत. अडत ते चेहऱ्यापाशी, आणि त्यातही डोळ्यांपाशी. तिथे ब्रश थोडा जरी घसरला तरी ते काम थांबवत, फोनवर फोटो काढत, तो मोठा करून पाहत आणि सैनिक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बरणीत टाकून सगळा रंग उतरवून टाकत. तुकडीच्या नायकाचा रंग त्यांनी इतक्या वेळा उतरवला होता की खाचांत अडकून राहिलेल्या थरांमुळे त्याचे नाकडोळे बोथट दिसू लागले होते, आणि त्यामुळे पुढचा प्रयत्न आधीच्यापेक्षा अवघड होत होता. नवी पेटी घरी आली की मात्र त्यांना बरे वाटे. त्यात नवल नाही, कारण नव्या पेटीतल्या सैनिकावर अजून कोणतीही चूक झालेली नसते.

मानसिक कारणांकडे वळण्याआधी मी दोन गोष्टी तपासल्या. पहिली म्हणजे इतर गोष्टींतला रस, झोप, भूक आणि कामावरचे लक्ष ठीक आहे का; ते ठीक होते. दुसरी गोष्ट अगदीच साधी होती. चाळिशीनंतर डोळ्यांच्या भिंगाची लवचीकता कमी होत जाते आणि जवळचे बारीक काम धूसर दिसू लागते. “पूर्वी सैनिकांचे डोळे रंगवायला जमायचे, आता जमत नाहीत, माझा हात बिघडला,” असे म्हणणाऱ्या माणसाला आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवणे हे समुपदेशकाचेही कर्तव्य आहे. त्यांना जवळचा चष्मा लागला, त्यांनी टेबलाशी चांगला दिवा बसवला आणि हात बराचसा सुधारला. धास्ती मात्र तशीच राहिली, म्हणजे आमचे काम शिल्लक होते.

पुढच्या भेटीत त्यांनी नापास ठरवलेला एक सैनिक आणि त्याचा फोनवरचा फोटो, असे दोन्ही आणले. फोटोत एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर गेलेला स्पष्ट दिसत होता. मी त्यांना साधा हिशेब करायला सांगितला. त्या सैनिकाचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटरचा होता आणि पडद्यावर तो बारा सेंटिमीटर जागा व्यापत होता, म्हणजे ते तीसपट मोठी केलेली प्रतिमा तपासत होते. मग तोच सैनिक टेबलाच्या मध्यावर, खेळताना असतो तितक्या अंतरावर ठेवून पाहायला सांगितले. डोळ्यांतला फरक दिसेना. यावर गृहस्थ खूश झाले नाहीत, उलट चिडून म्हणाले, “ही पळवाट झाली. एवढ्या लांबून कोणाचेही काम चांगलेच दिसेल.”

आक्षेप रास्त होता. मी त्यांना म्हटले की लांबून पाहणे हाच एक योग्य निकष आहे असे माझे म्हणणे नाही. पण कोणत्या कामाला कोणता निकष लावायचा हे काम हाती घेण्याआधी ठरले पाहिजे आणि तुम्ही ते चूक झाल्यानंतर ठरवता आहात. या छंदातही दोन वेगळी कामे स्पष्टपणे मानली जातात. एक खेळासाठी सैन्य रंगवण्याचे, ज्यात तुकडी एकत्र पाहिली जाते. दुसरे प्रदर्शनासाठी एकच मूर्ती रंगवण्याचे. गोल्डन डेमनसारखी स्पर्धा १९८७ पासून चालत आली आहे आणि अशा स्पर्धेत उतरणारे रंगकर्मी एकेका मूर्तीवर आठवडे, कधी महिने घालवतात. आमचे गृहस्थ रोज रात्री त्या दर्जाच्या मूर्तींचे फोटो पाहत आणि सकाळी तोच दर्जा साठ साध्या सैनिकांकडून अपेक्षित धरत. एका सैनिकाला वीस तास धरले तर साठ सैनिकांना बाराशे तास लागतील आणि आठवड्याला चार तास मिळाले तर त्याला तीनशे आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे जातील, हा हिशेब त्यांनी कागदावर स्वतः मांडला. आराखडे तपासणाऱ्या माणसाला माझ्या समजावणीपेक्षा तो कागद अधिक पटला.

परिपूर्णतेच्या आग्रहाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी येथे एक उपयोगी भेद केला आहे. रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या मापनश्रेणीत उच्च वैयक्तिक मापदंड आणि चुकांबद्दलची चिंता हे दोन घटक वेगवेगळे मोजले जातात. उंच मापदंड ठेवणाऱ्या प्रत्येकाला चुकांची धास्ती असतेच असे नाही, आणि त्रास मुख्यतः त्या धास्तीतून निर्माण होतो. म्हणूनच “अपेक्षा कमी करा” हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. ज्याला बारीक काम मनापासून आवडते त्याची आवडच काढून घेतली, तर छंदात उरते काय? आम्हाला मापदंड शाबूत ठेवून धास्ती कमी करायची होती.

त्यासाठी एक प्रयोग ठरवला. एका वेळी पाचच सैनिक घ्यायचे आणि त्यांचा दर्जा ब्रश उचलण्यापूर्वी लिहून ठेवायचा: तीन मूळ रंग, एक वॉश, उंचवट्यांवर ड्रायब्रश (म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने हलका रंग), पायाखालची चकती, बस. डोळे रंगवायचेच नाहीत; खोबणीत उतरलेला वॉशचा गडद रंग पुरे, आणि रांगेतल्या सैनिकांसाठी अनुभवी खेळाडूही हेच करतात. ती तुकडी एका खेळात टेबलावर उतरेपर्यंत बरणीला हात लावायचा नाही. प्रतिस्पर्धी काय म्हणेल याचे भाकीत आधी लिहायचे आणि प्रत्यक्षात तो काय म्हणाला ते नंतर त्याच कागदावर नोंदवायचे. त्यांचे भाकीत असे होते की प्रतिस्पर्धी डोळे नसल्याचे लगेच ओळखेल आणि हसेल. प्रतिस्पर्ध्याने चकतीवरचा चिखल कोणत्या रंगांनी केला एवढेच विचारले.

याच सुमारास कॉन्ट्रास्ट प्रकारच्या रंगांचा विषय निघाला. २०१९ मध्ये बाजारात आलेले हे रंग पातळ आणि अर्धपारदर्शक असतात. फिकट प्रायमरवर एकच थर दिला की ते खाचांत साचून सावली तयार करतात आणि उंचवटे आपोआप उजळ राहतात. गृहस्थांना ती लबाडी वाटत होती. साधनाबद्दल मला मत नव्हते, पण “लबाडी” म्हणजे नेमकी कोणाशी, हे मी विचारले. या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले की शाळेपासून, जे सहज झाले ते काम मोजले जात नाही असेच त्यांच्या मनात बसले आहे. हा धागा आम्ही नंतर अनेक भेटींत उलगडला; तो त्यांचा खासगी आहे म्हणून येथे विस्तार करत नाही.

सगळे सरळ झाले असे मात्र नाही. दुसऱ्या तुकडीच्या झग्यांवर वॉश साचला आणि वाळल्यावर कडांना डाग उमटले. त्या आठवड्यात कार्यालयात त्यांनी मंजूर केलेल्या एका आराखड्यात मोठी चूक निघाली होती. रात्री उशिरा त्यांनी पाचही सैनिक बरणीत टाकले. प्रयोग फसला असे ते म्हणाले. मला तो आठवडा सर्वांत माहितीपूर्ण वाटला, कारण बरणी कधी उघडते ते त्यातून कळले. सैनिकांवरचे डाग पहिल्या तुकडीवरही होते, पण तेव्हा कामावर काही बिघडले नव्हते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या माणसाची स्वतःची चूक सापडली की ती पुसून टाकता येईल अशी एकमेव जागा घरी होती. यानंतर नियमात एक भर पडली: कामावर वाईट दिवस गेला असेल तर त्या रात्री फक्त भाग कापायचे आणि चिकटवायचे, रंगाला बसायचे नाही.

दुसरी भर माझ्या आग्रहाने पडली. तुकडीचा नायक या सगळ्या मर्यादांतून वगळला. त्याच्यासाठी नवी मूर्ती घ्यायची, हवा तितका वेळ द्यायचा, डोळे रंगवायचे, भिंग वापरायचे आणि मनाला येईल तितका हट्ट करायचा. “पूर्ण करा, बाकी सोडा” असे म्हणणाऱ्यांशी माझे येथे पटत नाही. सैन्य पूर्ण करणे हे काही कोणाचे कर्तव्य नव्हे, आणि ज्या संथ कामासाठी माणूस या छंदात आला त्याला त्यात जागा राहिली पाहिजे.

त्यांच्या पत्नी एका भेटीला आल्या. लहान मुलांचे खेळणे समजून त्या या छंदाला नाके मुरडत असतील असे गृहस्थांनी गृहीत धरले होते, आणि म्हणून त्यांनी बचावाची तयारीही केली होती: प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना युद्धखेळ शिकवला जाई, एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम प्रसिद्ध केले, वगैरे. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, खेळा की. मी कधी नको म्हटले? पण त्या टेबलावरून उठता तेव्हा तुमचा चेहरा पाहवत नाही, आणि पेट्या माझ्यापासून लपवून आणता ते मला आवडत नाही.” चर्चा पेट्यांच्या खर्चावर आली. नवी पेटी तुकडी रंगवून झाल्यावरच आणायची, असा नियम गृहस्थांनी सुचवला. मला तो धोक्याचा वाटला, कारण त्यामुळे रंगवणे म्हणजे खरेदीसाठी भरायचा दंड झाला असता. शेवटी दोघांनी मिळून महिन्याची ठरावीक रक्कम ठरवली आणि पेटी उघडपणे घरात येऊ लागली.

कपाटातल्या पेट्यांपैकी काही त्यांनी दुसऱ्या खेळाडूंना देऊन टाकल्या. दुसरे सैन्य आपण बहुधा कधीच रंगवणार नाही हे मान्य करूनही त्यांनी ते ठेवले, आणि मी त्यावर वाद घातला नाही. काही लोक न वाचलेली पुस्तकेही याच मायेने सांभाळतात. आमच्या भेटी संपल्या तेव्हा साठांपैकी निम्म्याहून थोडे अधिक सैनिक रंगवून झाले होते. बरणी घरात होती, पण तिचा उपयोग जुन्या, विकत घेतलेल्या मूर्तींचा रंग काढण्यासाठी होत होता. नायकाचा चेहरा अजून बाकी होता आणि त्याची त्यांना घाई नव्हती.

अशाच तक्रारीने अस्वस्थ असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की न रंगवलेल्या पेट्यांचा ढीग हा आजार नाही आणि त्यासाठी प्रत्येकाने समुपदेशकाकडे जाण्याचीही गरज नाही. दर्जा आधी लिहून ठेवणे आणि फोटो मोठा करून न पाहणे एवढ्यानेही अनेकांना मोकळे वाटते. मात्र पूर्वी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतला रस आटला असेल, खरेदीसाठी कर्ज काढले जात असेल, किंवा “अगदी बरोबर” होईपर्यंत पुन्हापुन्हा पुसण्याची, धुण्याची, तपासण्याची ओढ छंदाबाहेरही दिवसाचे तास खाऊ लागली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. तिथे बरणीचा आणि ब्रशचा विषय क्षुल्लक समजून टाळू नये, कारण निदानाला लागणारी माहिती पुष्कळदा त्याच तपशिलात असते.