साथ यायच्या आधी स्थानिक प्रशासन नेमकं काय ठरवून ठेवतं?

तुम्ही विचारलंय की साथ यायच्या आधी स्थानिक प्रशासन नेमकं काय ठरवून ठेवतं. माझ्या मते कळीची गोष्ट एकच: किती रुग्ण झाले की कोणी, वरच्या परवानगीची वाट न बघता, काय सुरू करायचं. आराखड्यात हे नसेल तर बाकीची पानं कितीही भरलेली असोत, पहिला आठवडा फायली फिरवण्यातच जातो.

हा आकडा मागच्या ५ वर्षांच्या नोंदींवरून काढतात. त्याच आठवड्यातल्या रुग्णांची सरासरी, अधिक प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात, त्या मापाची) दुप्पट, ही झाली इशारा पातळी. जुलाबासारख्या कायम असणाऱ्या आजाराला ती चालते. जिथे कॉलरा एरवी नसतो, तिथे मात्र एका संशयित रुग्णावरच हलायचं.

मग रुग्णयादी: वय, पत्ता, पाणी कुठलं, नमुना कधी घेतला आणि लक्षणं कधी सुरू झाली. घोळ होतो तो या शेवटच्या रकान्यात. तिथे नोंदीची तारीख उतरवली, की शनिवार-रविवारी आजारी पडलेले सगळे सोमवारचे ठरतात. कॉलऱ्याचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचा वेळ, काही तास ते ५ दिवस, त्यामुळे दोन दिवसांची चूकसुद्धा भलत्याच विहिरीकडे नेते.

पाण्याच्या साथीत नळाला लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेला) मिळायला हवा, आणि तो मोजायचा शेवटच्या टोकाच्या नळावर. टाकीपाशी आकडा चांगलाच येतो, पण गळतीतून मैला शिरला की पुढे क्लोरीन संपलेला असतो. ब्लीचिंग पावडरचंही तसंच. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर १००० लिटरला ६ ग्रॅम टाकली की लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम पडतो. दमट गोदामात तिची ताकद १५ टक्क्यांवर आली, तर त्याच मापात निम्माही पडत नाही. म्हणून पोत्यावर तारीख हवी आणि वापरण्याआधी तपासणी हवी.

तातडीच्या खरेदीचे अधिकार आणि रोज बोलणारा एकच अधिकारी हेही आधीच ठरवतात.

साथ संपली कधी म्हणायचं, हेही लिहून ठेवा. सर्वसाधारण नियम म्हणजे सर्वांत लांब अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण नसणं. इबोलासाठी २१ च्या दुप्पट, ४२ दिवस. हे लिहिलेलं नसेल तर आकडे उतरू लागताच पथकं परत बोलावली जातात आणि उरलेली साखळी कोणी शोधत नाही.