जुन्या डेस्कटॉपवरचे विंडोज १० छाटल्याने संगणक खरोखर वेगवान होतो का?

आपण लिहिले आहे की इंदूरच्या घरी असलेल्या, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेल्या दहा वर्षांच्या डेस्कटॉपवर विंडोज १० फार मंद चालते, त्यावर वडील टॅलीत हिशेब ठेवतात आणि आपण मराठी-हिंदी टंकलेखन करता. तर त्यातले अनावश्यक ते सगळे काढून टाकावे, की नेटवर मिळणारी एखादी ‘लाइट’ आवृत्ती टाकावी? मी इंदूरमध्येच, रामबागेच्या बाजूच्या एका वाचनालयाचे आणि ओळखीच्या काही घरांतले संगणक सांभाळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की छाटणीला हात घालण्यापूर्वी संगणक नेमका कशासाठी खोळंबतो ते पाहावे, कारण डिस्कवर नुसत्या पडून राहिलेल्या फायली वेग खात नाहीत, तो खातात पाठीमागे चालू असलेली कामे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि संगणक सुरू झाल्यानंतरची पहिली काही मिनिटे ‘परफॉर्मन्स’ हे पान पाहत राहा. सीपीयू निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्के असे दिसले, तर दुखणे डिस्कचे आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारे टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला की विखुरलेला प्रत्येक तुकडा गाठायला साधारण १० ते १५ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच तुकडे हाती येतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते, आणि ४ जीबी रॅम भरली की त्याच डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये (रॅममध्ये न मावलेला मजकूर ठेवण्याच्या फायलीत) ये-जा सुरू होऊन रांग आणखी लांबते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने हाच तुकडा साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात मिळतो. म्हणून थोडे पैसे खर्चायची तयारी असेल तर ते आधी २५६ जीबीच्या सॅटा (साध्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणाऱ्या) एसएसडीवर खर्च करा, आणि मदरबोर्डवर जागा असेल तर रॅम ८ जीबी करा. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन्ही मिळतात. कोणत्याही छाटणीने एवढा फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

त्यानंतर जी छाटणी करायची ती परत फिरवता येईल अशी असावी. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर प्रिंटर, चॅट आणि अपडेट पाहणारे जे मदतनीस प्रोग्राम आपोआप सुरू होतात, ते बंद करा. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी’खाली ‘बॅकग्राउंड अॅप्स’ बंद करा. सिसमेन ही नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी विंडोजची सेवा काही यंत्रांवर डिस्कला दमवते, तेव्हा ती थांबवून पाहा आणि फरक न पडल्यास पूर्ववत करा. दृश्य परिणाम कमी करताना ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडले की अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूणही निघून जाते आणि देवनागरी वाचताना डोळ्यांना त्रास होतो, म्हणून तेवढी खूण परत लावा. हायबरनेशन (रॅममधले सगळे डिस्कवर लिहून संगणक बंद करण्याची सोय) बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने फक्त जागा मोकळी होते. संगणक लवकर सुरू करणारी ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय त्यावरच अवलंबून असल्याने, ती बंद पडून हार्ड डिस्कवर संगणक सुरू व्हायला उलट जास्त वेळ लागतो.

‘लाइट’ आवृत्ती मात्र टाकू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ती कोणा अनोळखी माणसाने विंडोज उलगडून पुन्हा बांधलेली असते, त्यातून अनेकदा डिफेंडर हा विंडोजचा व्हायरसरोधक आणि अपडेटची यंत्रणाच काढलेली असते, आणि ज्या संगणकावर वडिलांचे हिशेब व बँकेचे व्यवहार आहेत तिथे ही जोखीम कोणत्याही वेगासाठी घेण्यासारखी नाही. आपल्यासारख्या टंकलेखन करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: विंडोज १० मध्ये मंगल हा फॉन्ट देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या ऐच्छिक संचात गेलेला आहे, आणि छाटणी करणारे असे संच व भाषांचे कीबोर्ड सर्वांत आधी उडवतात, त्यामुळे मंगलमधल्या जुन्या कागदांची मांडणी बिघडते.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, जो आपल्या यंत्रात असण्याची शक्यता कमी आहे. खरोखर हलकी प्रणाली हवी असेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालींपैकी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू पाहा. तिथे देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे, कागदपत्रांसाठी लिबर ऑफिस आहे, आणि पेनड्राइव्हवरून चालवून पाहिल्याशिवाय काही बदलावे लागत नाही. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेले आहे. ते याच संगणकावर राहणार असेल तर विंडोज ठेवा, त्यावरून अनोळखी फायली उतरवणे बंद करा, आणि डिस्क बदलण्यापूर्वी टॅलीचा डेटा फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडतो ना, हे पाहून घ्या.